वल्ह्याचा आकडा : वाघोटणच्या खाडीतल्या नोंदी

16 नोव्हेंबर 2024, शनिवार

काल त्रिपुरारी पौर्णिमा झाली, त्यामुळे आज उधाणाचं पाणी. दुपारी दोनच्या सुमारास काका आणि मी खाडीच्या मधोमध होतो. जाळं ओढून घेतलेलं, होडीत चार बोय आणि एक तांबोशी. ओहोटीला जोर चढला होता आणि आम्ही विजयदुर्गच्या जेटीकडे तिरकं वल्हवत होतो. डाव्या वल्ह्याचं पातं खोल गेलं, पाण्यानं ते होडीखाली ओढलं, दांडा काठावर तरफेसारखा टेकला आणि आकडा, म्हणजे वल्हं ज्यात बसतं तो काठावरचा दोन शिंगांचा पितळी तुकडा, भोकातून वर उपसून आला. माझ्या डोळ्यांसमोर तो काठावर आडवा पडला, एकदा वाजला आणि पाण्यात गेला.

एका वल्ह्यानं होडी नुसती गोल फिरते. काका मागे जाऊन उभे राहिले आणि उरलेलं वल्हं पाण्यात डावी-उजवी हलवत नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, जेटीकडे धरून ठेवली, पण ओहोटी त्यांच्या दंडापेक्षा जोरकस होती. किल्ल्याचा तट हळूहळू मागे सरकू लागला. त्याच्या पुढे उघडा समुद्र. मासेमारीहून परतणाऱ्या एका यांत्रिक होडीनं दोर टाकला म्हणून आम्ही घरी आलो.

काका अडुसष्ट वर्षांचे आहेत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "वाईच बघ रे तेचा काय ता." उद्यापासून हेच काम.

17 नोव्हेंबर

आहे ते आधी मोजून घेतलं. होडी बारा फुटी, प्लायवुडवर फायबर चढवलेली, काठ आइनाच्या लाकडाचा. वल्ही 2.1 मीटरची, त्यातला 60 सेंटीमीटर भाग काठाच्या आत, दीड मीटर बाहेर. आकडा म्हणजे दुकानात रोलॉक म्हणून मिळतो तो, ओतीव पितळेचा. खाली साधी दांडी, ती काठातल्या भोकात नुसती सोडलेली. वजनानं बसायची, वजनानं राहायची. वर उचलणारा जोर आला की तिला अडवणारं काहीच नाही.

कायमचा बोल्ट मारून टाकला तर सुटणारच नाही, हा पहिला विचार कुणालाही येईल. पण जाळं सोडताना आणि ओढताना आकड्याची दोन शिंगं काठावर उभी असली की जाळ्याचे डोळे त्यांत अडकतात. एकदा अडकलं की ओढणाऱ्या माणसाचा तोल जातो. जेटीला लावताना शेजारच्या होडीचे दोर अडकतात ते वेगळंच. शिवाय पावसाळ्यात होडी वाळूवर पालथी घालायची असते. म्हणून आकडा निघालाच पाहिजे, काकांच्या ओल्या हातानं, अंधारातही. आणि वल्ह्यानं मात्र तो कधीच निघता कामा नये.

हे वाक्य वर्कशॉपच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं: हातानं निघावा, वल्ह्यानं निघू नये.

24 नोव्हेंबर

मासळी तोलायचा ताणकाटा दांड्याच्या मुठीला बांधला आणि होडी जेटीला दोरानं अडकवून वल्हवून पाहिलं. सावकाश ओढलं तर काटा 12 ते 14 किलो दाखवतो, जोर लावला तर 20. गणित सोपं आहे. आतल्या 60 सेंटीमीटरवर 20 किलो, तर बाहेरच्या दीड मीटरवर, पात्यावर, 8 किलो. दोन्ही मिळून आकड्यावर 28 किलो, तेही नाळेच्या दिशेनं. वल्हं बसतं ती जागा काठापासून साडेचार सेंटीमीटर उंच, म्हणजे दांडीच्या मुळाशी वाकवणारा जोर सव्वाशे किलो-सेंटीमीटर. बारा मिलिमीटरच्या गोल सळीत त्यानं दर चौरस मिलिमीटरला साडेसात किलोच्या आसपास ताण येतो. 316 जातीचं स्टेनलेस वीसच्या पुढे वाकायला लागतं. बारा मिलिमीटर पुरे.

वल्हं बसतं ती जागा काठाच्या जितकी जवळ, तितका दांडीवरचा भार कमी. दुकानातल्या आकड्यांची मान उगाच लांब असते. आपण आखूड ठेवायची.

1 डिसेंबर

पहिला नमुना. घरात पडलेली 304 जातीच्या स्टेनलेसची बारा मिलिमीटर सळी, वरती 25 बाय 6 ची पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून वेल्ड केली. दांडी काठाच्या खाली अडीच सेंटीमीटर बाहेर येईल एवढी लांब, तिच्यात आडवं भोक आणि भोकात स्प्रिंगची पिन. शिवाय काळी नायलॉन दोरी, एक टोक शिंगाला, दुसरं बांकाला. पिन सुटली तरी आकडा तळाला जाऊ नये.

शिंगांबद्दल एक गोष्ट मनासारखी जमली. वल्ह्याचा दांडा उघडा 42 मिलिमीटर आहे, आकड्यात बसतो तिथे चामडं गुंडाळल्यावर 48 होतो. शिंगांची तोंडं आत वळवून मधली फट 45 ठेवली. वल्हं उघड्या भागापाशी आत घालायचं आणि चामडं येईपर्यंत बाहेर सरकवायचं. मग ते वरून उडी मारून निघत नाही. पण यामुळे वल्ह्याचा वर जाणारा सगळा जोर आता आकड्यावर येणार, तेव्हा खालची पकड पक्की हवी.

8 डिसेंबर

पिन गेली. काठाखाली वाकून, आंधळ्यासारखं चाचपून ती काढावी लागते. काकांची बोटं थंड होती, निसटली, संपलं. सुटा छोटा भाग होडीवर असूच नये.

15 डिसेंबर

नवीन कल्पना, आणि ती घराच्या जुन्या कुलपातून आली. चावी एकाच दिशेनं आत जाते, फिरवली की अडकते. दांडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर बाहेर येणारी आडवी चोच वेल्ड करायची. काठातल्या नळीच्या तळाशी चावीच्या भोकासारखं भोक पाडलेली तीन मिलिमीटरची पट्टी. आकडा योग्य कोनात धरून खाली सोडला की चोच पट्टीच्या खाली उतरते, फिरवला की अडकते. सुटा भाग एकही नाही.

नळी एक इंची, आतून 26.6 मिलिमीटर. तिच्यात नायलॉनचा बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ते अस्तर, मधे 12.2 चं भोक, बाजूनं चोचीसाठी उभी खाच. तळ उघडा, म्हणजे वाळू आणि पाणी आपोआप गळून जाईल. काठात एवढी जाड नळी घातली तर काठच कमकुवत होईल. म्हणून आतल्या बाजूला आइनाचा एक फूट लांब, 60 बाय 60 चा ठोकळा बसवला.

खाच कोणत्या कोनात ठेवायची? वल्हवताना वल्हं आडव्यापासून पुढे-मागे पन्नास अंशांपर्यंत जातं. म्हणून खाच नव्वद अंशांवर, होडीच्या लांबीच्या रेषेत ठेवली. तिथे वल्हं जातच नाही, असं मी आज समजून चाललो आहे.

22 डिसेंबर

दोन गोष्टी फसल्या, आणि दोन्ही एकाच सकाळी.

पहिली: आकडा फिरेना. पाच दिवस होडी पाण्यात होती आणि बुशानं दांडी घट्ट आवळून धरली होती. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. लेथवर कोरडा असताना दोन दशांश मिलिमीटर सैल होता, आता दोन्ही हातांनी पिळला तेव्हा जरा हलला. बरणीत बुडवून ठेवलेला उरलेला तुकडा संध्याकाळी कॅलिपरनं मोजला तर खरंच वाढला होता. डेलरिन नावाचं कडक प्लास्टिक मागवलं. ते फार कमी पाणी शोषतं.

दुसरी चूक मोठी, आणि ती माझ्या विचारातली. जेटीजवळ आलं की कुणीही वल्हं होडीच्या अंगाला लावून घेतो, नाहीतर ते भिंतीवर आपटतं. अंगाला लावलं की वल्हं बरोबर नव्वद अंशांवर. चोच खाचेसमोर. काकांनी सवयीप्रमाणे दांडा जरा वर उचलला आणि वल्ह्याबरोबर अख्खा आकडा वर आला, दोरीला लोंबकळला. पाणी स्थिर होतं आणि जेटी हातभर अंतरावर होती. हेच शनिवारच्या त्या ओहोटीत झालं असतं तर?

मी वल्हवण्याचा कोन मोजला होता. वल्ह्याचे बाकीचे कोन मोजायचे राहून गेले होते.

23 डिसेंबर

रात्री कागदावर वर्तुळ काढून पाहिलं. दोन्ही बाजूंना चोच असेल तर अर्ध्या फेरीत कुठेतरी ती खाचेसमोर येणारच, आणि पुढच्या अंगापासून मागच्या अंगापर्यंत वल्हं नेमकी अर्धी फेरी फिरतं. म्हणून चोच एकाच बाजूला हवी. वल्हं आडवं असताना चोच समुद्राकडे, खाच बरोबर उलटी, बांकाकडे. तिथे चोच यायला पातं होडीत आणि मूठ समुद्रावर हवी. वल्हवणारा माणूस तसं कधीच करत नाही.

यात आणखी एक फायदा निघाला. आकड्यावरचा भार नाळेच्या दिशेनं येतो, म्हणून बुशची झीज तिकडच्या भिंतीवर होणार. खाच आता आतल्या बाजूला, म्हणजे ज्या भिंतीवर भार आहे ती अखंड राहते.

5 जानेवारी 2025

एका चोचीचा नमुना पाण्यात. दोन तास छान चालला. वल्हं अंगाला लावलं, उचललं, पात्याखाली मुद्दाम खोल पाणी घेतलं, आकडा हलला नाही.

मग भाच्यानं त्याच्या हातानं दोन्ही आकडे बसवले आणि उजवा तिसऱ्या हिसक्याला निघून आला.

कारण लगेच दिसलं. शिंगं दोन्ही बाजूंनी सारखी आहेत. आकडा रिकामा असताना कसाही फिरतो. त्यानं उलटा राहिलेला आकडा तसाच ठेवून वल्हं घातलं, म्हणजे चोच बांकाकडे, नेमकी खाचेवर. जे माझ्या हातून होत नाही ते दुसऱ्याच्या हातून होणार असेल तर ते काम झालेलंच नाही. होडी उद्या भाचाच वापरणार आहे.

12 जानेवारी

आठवडाभर यावरच डोकं लावलं. एक शिंग उंच करावं? रंगवावं? पहाटेच्या अंधारात रंग काय दिसणार. अटकावासाठी आणखी एक पट्टी लावावी तर वाळू साचायला आणखी एक कोपरा तयार होतो.

उत्तर होतं दोरीत, जी पहिल्या दिवसापासून तिथेच होती. आतापर्यंत ती शिंगाला बांधलेली. आता आकड्याच्या मानेवर, चोचीच्या बरोबर उलट्या बाजूला, लहान कडी वेल्ड केली आणि दोरी तिथे बांधली. आकडा सरळ असेल तर दोरी मानेवरून थेट आत बांकाकडे येते. उलटा असेल तर दोरी समुद्राच्या बाजूनं निघून वल्ह्याच्या खालून वळसा घेते आणि वल्हं तिच्यावरच बसतं. डोळे मिटूनही बोट फिरवलं की कळतं. दोरीची लांबी एवढीच ठेवली की काढलेला आकडा होडीच्या आत लोंबकळतो, पाण्यापर्यंत पोचत नाही.

भाच्याला समजावलं नाही, फक्त सांगितलं: दोरी आत. त्यानं डोळ्यांना फडकं बांधून दहा वेळा बसवून काढलं. दहाही वेळा बरोबर.

19 जानेवारी

304 च्या नमुन्यावर वेल्डच्या कडेनं चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके आलेत. सात आठवडेच झाले. खाऱ्या पाण्याला 304 पुरत नाही. 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्षारापुढे टिकायला मदत करतं. देवगडात या मापाची 316 सळी मिळाली नाही, कोल्हापूरला उद्यमनगरातून आणली. वेल्डनंतर पिकलिंग पेस्ट, म्हणजे वेल्डचा काळा थर काढणारा आम्लाचा लेप, लावून धुतली. हे चुकवलं तर 316 वरही डाग येतात. बोल्टही त्याच जातीचे. पितळी आकडा, लोखंडी बोल्ट आणि खारं पाणी एकत्र आलं की त्यातलं लोखंड आधी खाल्लं जातं, आणि जुन्या आकड्याच्या पट्टीखालचे बोल्ट मी काढले तेव्हा त्यांच्या दाभणासारख्या बारीक काड्या उरल्या होत्या.

संध्याकाळी वर्कशॉपवर आबा तांडेल आले. सगळं हातात घेऊन, फिरवून पाहिलं. चोच खाली उतरते ते त्यांना आवडलं, चार वेळा केलं. मग म्हणाले, "आमची खैराची खुंटी आसायची आणि काथ्याचां कडां. खुंटी मोडली तर खुंटी जाता आणि काठ ऱ्हवता. तुजां लोखंड मोडूचां नाय, काठ मोडतलो."

मी गप्पच झालो. खुंटी आणि काथ्याचं कडं मी जुनं म्हणून बाजूला ठेवलं होतं. खुंटी सुरीनं दहा मिनिटांत तासता येते, कडं होडीतल्या दोराचंच होतं. वल्हं दगडात अडकलं तर आधी काय जायचं हे ज्यानं कुणी ठरवलं त्यानं विचार करून ठरवलं होतं. इथून खाडीनं वर गेलं की आंग्र्यांची गोदी आहे. त्यांच्या आरमारातली गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालत, वारा पडला की गुराबांना, म्हणजे शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढून नेत. एवढी वल्ही रोज पाण्यात असली की काय मोडावं आणि काय मोडू नये हे माणसं शिकत असणारच.

26 जानेवारी

सकाळी शाळेतलं झेंडावंदन, मग दिवसभर आबांच्या प्रश्नाचं उत्तर.

जुन्या होडीचा आइनाच्या काठाचा तुकडा आणला, त्यावर ठोकळा दोन आठ मिलिमीटर बोल्टांनी बसवला, मागे 5 मिलिमीटरची पट्टी, आणि सगळं टेबलाला आवळलं. आकड्यात वल्ह्याच्या जाडीचा लाकडी दांडा, त्याला साखळी, साखळीला लटकता काटा, पुढे चेन ब्लॉक. भाचा काटा वाचत होता, मी साखळी ओढत होतो. 60 किलो, काही नाही. 100, काही नाही. 150 ला ठोकळा एकदा करकरला. 190 ला दांडी मानेखाली वाकायला लागली, हळूहळू, डोळ्यांना दिसेल अशी. 210 पर्यंत नेलं, दांडी बोटभर कलली आणि थांबलो. बोल्ट, ठोकळा, काठ जसेच्या तसे. चोचही जागेवर. वाकलेला आकडा हातोडीच्या दोन टोल्यांनी खाचेतून बाहेरही आला.

म्हणजे आपल्यातही आधी जाते ती सळीच. ती मोडत नाही, वाकते, आणि वाकलेल्या आकड्यानंही घरापर्यंत वल्हवता येतं. पण ठोकळा 40 मिलिमीटरचा असता किंवा मागे पट्टी नसती तर आबांचं म्हणणं खरं ठरलं असतं, याबद्दल मला शंका नाही. कुणी हे करणार असेल तर सळी सोळा मिलिमीटरची करू नये. जाड म्हणजे भक्कम असं वाटतं, पण जोर मग काठावर जातो.

वाकलेला आकडा आबांना नेऊन दाखवला. त्यांनी तो ठेवून घेतला.

9 फेब्रुवारी

चारही नळ्या होडीत बसवल्या, दोन जागा मधल्या बांकासाठी, दोन पुढच्या. भोकांच्या कच्च्या लाकडाला इपॉक्सीचे दोन हात दिले. हे राहिलं तर पाणी आइनात शिरतं आणि दोन पावसाळ्यांत काठ आतून काळा पडतो. डेलरिनचा बुश 12.3 ठेवला. ग्रीस लावलं नाही, ग्रीसला वाळू चिकटते.

15 फेब्रुवारी

पहाटे साडेचारला काका एकटे गेले. मी जेटीवर बसून होतो. जाळं सोडायच्या आधी त्यांनी दोन्ही आकडे काढून आत सोडले. अंधारात मला फक्त आवाज आला, ठक, ठक, आणि मग दोरीला लोंबकळलेल्या आकड्यांची फळीवरची बारीक किणकिण. परत येताना विचारलं, काही त्रास? म्हणाले, "दोरी हाताक लागता, मगे समाजता." आणि बोयींची पिशवी माझ्या हातात दिली.

28 फेब्रुवारी

परवा महाशिवरात्र, काल अमावास्या. कुणकेश्वरची जत्रा आटोपून सगळे काल घरी आले आणि आज पुन्हा उधाणाची ओहोटी मिळाली. नोव्हेंबरातलीच जागा, तशीच वेळ, पण या वेळी किनाऱ्यावरून भाचा दोर धरून होता आणि आम्हा दोघांच्या अंगात जॅकेट. पातं मुद्दाम खोल घातलं. होडीनं ओढ दिली, दांडा काठावर टेकला, मूठ छातीपर्यंत वर आली. चोच पट्टीला खालून टेकलेली हाताला जाणवली. आकडा जागेवर राहिला. वल्हं मोकळं करायला मी मूठ सोडली, पात्यावरचा ताण गेला आणि ते आपोआप वर आलं.

पाच वेळा केलं. सहाव्यांदा काका म्हणाले, पुरे.

उतरल्यावर सगळं उघडून पाहिलं. बुशच्या नाळेकडच्या भिंतीवर नखाला लागेल न लागेल असा चकचकीत पट्टा, बाकी झीज नाही. डाव्या नळीच्या खाचेत शिंपल्याचा एक तुकडा अडकला होता, त्यामुळे आकडा काढताना जरा खरखरतो. पुढच्या जोडीत खाच पाचऐवजी सहा मिलिमीटर रुंद करणार.

पुढची जोडी आबांच्या होडीसाठी. मापं घेऊन आलोय. त्यांचा काठ आपल्यापेक्षा पाऊण इंच जाड आहे, ठोकळा त्याप्रमाणे कापायचा.